रोगमुक्तांचे रक्त आणि महामारीचे दोन काळ

पुण्याहून नगरकडे जाणारा जुना रस्ता येरवडा आणि खराडी मागे टाकून वाघोलीच्या शिवारात शिरतो, तेव्हा एकीकडे वाघेश्वराचे प्राचीन देवालय आणि पिलाजी जाधवरावांच्या स्मृती, व दुसरीकडे दगडखाणींनी पोखरलेल्या टेकड्या आणि बहुमजली इमारतींच्या रांगा, असे दोन काळ एकमेकांस खेटून नांदताना दिसतात. छत्रपती शाहूंच्या आणि थोरल्या बाजीरावांच्या अमदानीत ज्या जाधवरावांचे नाव मराठी फौजांच्या मोहिमांत वारंवार येते, त्यांचे हे गाव सन २०२० च्या आरंभी सरकारी दफ्तरात हवेली तालुक्यातील एक ग्रामपंचायत म्हणूनच नोंदलेले होते. वस्तीने मात्र ते केव्हाच शहर झालेले होते. त्यामुळे कोविडची साथ आली तेव्हा शहराचा संसर्ग त्याच्या वाट्यास पुरेपूर आला, आणि शहराची इस्पितळे व रक्तपेढ्या मात्र नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकास राहिल्या.

त्या दोन वर्षांत या रस्त्यावरून ज्या अनेक गोष्टींची ये-जा झाली, त्यांत एक गोष्ट अशी होती की जिच्याविषयी आशा, अफवा, दानबुद्धी आणि शास्त्र या चौघांचे एकाच वेळी भांडण चालले होते. ती म्हणजे या रोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील पिवळसर द्रव, ज्याला वैद्यकीय व्यवहारात आणि पुढे घरोघर प्लाझ्मा म्हणू लागले. एकाच्या रोगमुक्तीचा अंश दुसऱ्याच्या शरीरात घालून त्यास वाचविता येईल काय, हा तो प्रश्न. मुंबई-पुण्याच्या मुलुखास तो नवा नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका महामारीत, याच मुलुखात तो विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याची शिस्तही येथेच आकारास आली होती. त्या दोन काळांची हकीगत एकत्र वाचल्याखेरीज दुसऱ्याचा पुरता अर्थ लागत नाही.

देवी किंवा गोवर एकदा येऊन गेला की तो त्या माणसास सहसा पुन्हा धरीत नाही, हे आपल्या घराघरांतील वृद्ध स्त्रियांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु हे संरक्षण रक्ताच्या द्रवांशात वसते आणि ते एका शरीरातून काढून दुसऱ्यात घालता येते, ही गोष्ट सिद्ध होण्यास सन १८९० उजाडावे लागले. त्या वर्षी बर्लिन येथे एमिल फॉन बेहरिंग आणि जपानहून आलेले शिबासाबुरो कितासातो यांनी असे दाखविले की, धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या विषाची सवय करविलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्यास टोचले असता त्या दुसऱ्यासही त्या विषापासून संरक्षण मिळते. घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांस या रक्तजलाने जीवदान मिळू लागले, आणि सन १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेहरिंग यांस मिळाले. त्या काळी मनुष्याचे रक्त काढून साठविण्याची सोय नव्हती, म्हणून हे काम घोड्यावर सोपविले जाई. त्यास रोगाचे विष किंवा मारलेले जंतू वाढत्या मात्रेने टोचीत जावयाचे, आणि त्याचे शरीर त्यास पुरून उरले म्हणजे त्याचे रक्त काढून त्यातील जल निराळे करावयाचे. तो घोडा म्हणजे हेतुपुरस्सर बरा करविलेला रोगीच होय.

हे शास्त्र असे कोवळ्या वयात असतानाच मुंबईत प्लेग अवतरला. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी ग्रंथिज्वराचे निदान केले, आणि काही आठवड्यांतच मुंबईहून निघणाऱ्या आगगाड्या पळणाऱ्या माणसांनी भरून जाऊ लागल्या. त्यांच्याबरोबर रोगही पुण्यास पोहोचला. सन १८९७ च्या ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात घरझडतीचा जो अंमल झाला, त्याची आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकाऱ्यांवरील गोळीबारात त्याचे जे पर्यवसान झाले त्याची कथा मराठी वाचकास परिचित आहे. तितक्याच परिचित, परंतु सोजिरांच्या आणि पिस्तुलांच्या कथेमागे पुष्कळदा झाकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका घटनेचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचा आजारी मुलगा सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचविला, आणि त्याच सेवेत संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वाघोली, मुंढवा, हडपसर हा सारा एकाच हवेली तालुक्याचा टापू. आणि त्या टापूत त्या वेळी प्लेगच्या रोग्यास देण्याजोगे खात्रीचे औषध एकही नव्हते. माळावर झोपड्या घालून राहावयाचे आणि गाव ओस टाकावयाचा, हाच महाराष्ट्रातील गावोगावचा उपाय होता.

मुंबईत मात्र उपायांची शर्यत लागलेली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी प्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ही लस निरोगी माणसास रोगापासून दूर ठेवू पाही. जो आधीच तापाने फणफणला आहे आणि ज्याच्या काखेत गाठ उठली आहे, त्याच्या उपयोगाची ती नव्हती. अशा रोग्यासाठी सर्वांची दृष्टी रक्तजलाकडे लागली होती. सन १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधून काढणारे अलेक्झांड्र येरसिन हे आपले घोड्याचे रक्तजल घेऊन मार्च १८९७ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांची कीर्ती पोहोचलेली होती. आदल्या वर्षी चीनच्या किनाऱ्यावर त्यांनी ज्या रोग्यांवर हे रक्तजल वापरले, त्यांतील बहुतेक सारे वाचले होते. मुंबईत मात्र तो चमत्कार घडला नाही. रोगी मरत राहिले, आणि त्यांचे काम पुढे चालविण्यास आलेले पॉल-लुई सिमाँ यांनी रक्तजलापेक्षा उंदीर आणि पिसवा यांच्याकडे लक्ष वळवून या रोगाच्या प्रसाराचे रहस्य उलगडले. चीनमध्ये गुण आला आणि मुंबईत आला नाही, तर खरे काय मानावयाचे? औषध दुबळे पडले, की रोग प्रबळ होता, की चीनमधले रोगी कसेही वाचणारच होते?

या प्रश्नाचे उत्तर केवळ यशस्वी रोग्यांची यादी वाढवून मिळणार नव्हते, हे ज्या मोजक्या माणसांनी ओळखले त्यांत आर्थर रोड येथील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयाचे अधिकारी डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांची गणना केली पाहिजे. फ्लॉरेन्सचे प्राध्यापक अलेस्सांद्रो लुस्तिग यांनी बनविलेले आणखी एक रक्तजल मुंबईत आले, तेव्हा चोक्सी यांनी एक साधी परंतु त्या काळास विलक्षण अशी तजवीज केली. रुग्णालयात दाखल होणाऱ्या रोग्यांपैकी एकाआड एक रोग्यास रक्तजल द्यावयाचे, मधल्यास नेहमीचीच शुश्रूषा करावयाची, आणि अखेरीस दोन्ही रांगांतील मृत्यू मोजून ताडून पाहावयाचे. कोणास द्यावे हे वैद्याने आपल्या मर्जीने ठरविले, तर तो नकळत धट्टाकट्टा रोगी औषधासाठी निवडील किंवा आसन्नमरण रोग्यास दयेपोटी देईल, आणि दोन्ही प्रकारांत आकडे खोटे बोलू लागतील. दारातून येण्याच्या क्रमालाच निवड करू दिली की वैद्याची ममताही दूर राहते आणि त्याचा अहंकारही. लुस्तिग यांच्या रक्तजलानंतर येरसिन यांच्या रक्तजलाचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली. फरक दिसला तो बेताचाच, आणि प्लेगवरील रक्तजलाचा उपाय पुढे सर्वमान्य कधीच झाला नाही. परंतु मुंबईच्या एका म्युनिसिपल रुग्णालयात, पारशी डॉक्टरच्या देखरेखीखाली, मराठी आणि गुजराती मजुरांच्या खाटांमधून, औषधाची तुलनात्मक परीक्षा कशी घ्यावी याचा जो पाठ लिहिला गेला, तो जगातील अगदी आरंभीच्या पाठांपैकी एक होता, हे वैद्यकाच्या इतिहासकारांनी आता मान्य केलेले आहे.

पुढील शतकात या उपायाचे भाग्य भरती-ओहोटीचे राहिले. सन १९१८ च्या इन्फ्लुएंझाने, ज्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, पाश्चात्त्य रुग्णालयांतील वैद्यांस घोड्याऐवजी मनुष्याकडे वळविले, आणि रोगातून उठलेल्या सैनिकांचे रक्तजल शेजारच्या खाटेवरील रोग्यास देण्याचे प्रयोग तेथे झाले. सन २००६ मध्ये त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा रक्तजल मिळालेल्यांत शेकडा १६ आणि न मिळालेल्यांत शेकडा ३७ मृत्यू आढळले खरे. पण चोक्सी यांनी पाळलेली शिस्त त्या प्रयोगांत पाळलेली नसल्यामुळे या अंतरावर किती विसंबावे याविषयी शंका उरली. निःशंक असे यश मिळाले ते बऱ्याच काळानंतर, अर्जेंटिनात. तेथील ‘पांपा’ या मैदानी मुलुखातील शेतांत उंदरांपासून पसरणाऱ्या रक्तस्रावी तापावर डॉ. हुलिओ माइस्तेगी यांनी बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा आणि साधा प्लाझ्मा यांची रीतसर तुलना करून सन १९७९ मध्ये जाहीर केले की, आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत असा प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १.१ आणि साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत शेकडा १६.५ होते. उपायाचे तत्त्व खरे आहे, मात्र तो योग्य रोगावर, वेळेवर आणि पुरेशा बळाचा असला पाहिजे, एवढा निष्कर्ष या साऱ्या खटाटोपातून हाती आला होता. सन २०२० च्या आरंभी जगाजवळ हे ज्ञान होते; ते घाईगर्दीत कोणाच्या लक्षात राहिले नाही, ही गोष्ट निराळी.

महाराष्ट्रातील पहिल्या कोविडबाधितांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाली, आणि १३ मार्च रोजी राज्य सरकारने जो कायदा लागू केला तो तोच, सन १८९७ चा. शतकापूर्वीच्या आणि या वेळच्या पुण्यात एक मोठा भेद मात्र होता. सन १९५२ मध्ये विषाणुसंशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली आणि सन १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने चालणारी देशातील अग्रगण्य संस्था याच शहरात होती, आणि नवा विषाणू हाती येताच तिने तो प्रयोगशाळेत वाढवून निराळा केला. म्हणजे प्लाझ्मात विषाणूस निष्प्रभ करण्याचे बळ खरोखर किती आहे हे मोजण्याचे साधन पुण्यातच उपलब्ध होते.

वाघोलीने या साथीस तोंड दिले ते आपल्या जवळ जे होते त्यानिशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी-लातूरच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० आपद्ग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली होती, आणि त्यांच्यासाठी वाघोलीत शैक्षणिक संकुल उभारले होते. एका आपत्तीतून जन्मलेल्या त्या संकुलाच्या वसतिगृहात या दुसऱ्या आपत्तीत कोविडचे काळजी केंद्र चालविण्यात आले. पंचायतीचे गाव, शेजारी महापालिकेची हद्द, वर जिल्हा परिषद आणि मध्ये तालुक्याचा कारभार, अशा गुंतागुंतीत ज्याच्या श्वासाने दगा दिला त्यास गावातून हलवून शहराच्या रुग्णालयात नेणे, हेच कुटुंबांचे पहिले दिव्य होते. आणि तेथे पोहोचल्यावर दुसरे दिव्य सुरू होई.

एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयातील अत्यवस्थ रुग्ण प्लाझ्मा दिल्यानंतर बरा झाल्याची वार्ता देशभर पसरली, आणि एका रात्रीत या उपायास संजीवनीचे रूप आले. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या लीलावती रुग्णालयात महाराष्ट्रातील पहिला प्लाझ्मा ज्या रुग्णास देण्यात आला, तो वाचू शकला नाही. परंतु त्या वार्तेचा आवाज पहिल्या वार्तेइतका उठला नाही. केंद्रीय आरोग्य खात्याने २८ एप्रिल रोजी स्पष्ट बजावले होते की हा उपाय प्रायोगिक आहे आणि चुकीच्या रीतीने वापरल्यास तो जिवावरही बेतू शकतो. मे महिन्यात पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात एका गंभीर रुग्णास प्लाझ्मा देण्यात आला आणि तो बरा होऊन घरी गेला. पुणेकरांस या घटनेचा आनंद होणे साहजिकच होते, आणि तो रुग्ण प्लाझ्माने बरा झाला की प्लाझ्मा मिळूनही आपल्या प्रकृतीच्या बळावर बरा झाला हे एका उदाहरणावरून ठरविणे अशक्य होते, हेही तितकेच खरे. २९ जून रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ‘प्लॅटिना’ या प्रकल्पाचा आरंभ झाला. राज्यातील २१ केंद्रांवर, वैद्यकीय महाविद्यालयांच्या मार्फत, ५०० अत्यवस्थ रुग्णांस प्रत्येकी २०० मिलीलिटरच्या दोन मात्रा देण्याचा त्याचा संकल्प होता, आणि हा जगातील सर्वांत मोठा प्रयोग असल्याची ग्वाही सरकारने दिली.

दात्यांची गरज यामुळे एकाएकी वाढली. दाता म्हणून कोण चाले, याचे नियम कडक होते. वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान हवे, वजन पन्नास किलोंहून अधिक हवे, हिमोग्लोबिन पुरेसे हवे, आणि आजारातून उठून साधारण अठ्ठावीस दिवस लोटलेले हवेत. ज्या स्त्रीस गर्भधारणा होऊन गेली आहे तिचे दान सहसा घेत नसत, कारण गर्भारपणात तिच्या रक्तात निर्माण झालेली काही द्रव्ये घेणाऱ्याच्या फुप्फुसास अपाय करू शकतात. या चाळणीतून जो उतरेल त्यास रक्तपेढीच्या खुर्चीत तासभर बसावे लागे. एका हातातून काढलेले रक्त शेजारच्या यंत्रात गरगर फिरून दोन भागांत विभागले जाई. तांबड्या पेशी पुन्हा दात्याच्याच शरीरात परत जात, आणि पारदर्शक नळीतून लोंबत्या पिशवीत थेंबथेंब साचत जाई तो गव्हाच्या काडीच्या रंगाचा, किंचित चिकट द्रव. चारशे-पाचशे मिलीलिटर साचले की यंत्र थांबे, पिशवीवर रक्तगट आणि तारीख लिहिली जाई आणि ती गोठविण्यासाठी शीतपेटीत जाई. पेशी परत मिळत असल्यामुळे दात्यास विशेष थकवा येत नसे. ज्या माणसास महिन्यापूर्वी शेजारीपाजारी दारातही उभे करीत नव्हते, ज्याच्या घरावर पालिकेने किंवा पंचायतीने सूचनेचा फलक लावला होता, त्याच माणसास आता अनोळखी लोक विनवण्या करून बोलावू लागले. बहिष्कृताचा उपकारकर्ता झाला, हा या साथीतील सामाजिक उलटापालटीचा एक लक्षणीय प्रसंग होय. आणि वाघोलीसारख्या गावातून नगर रस्त्याने पुण्याच्या रक्तपेढीपर्यंत स्वखर्चाने येणाऱ्या दात्याची बुद्धी निर्मळ होती, याविषयी दुमत संभवत नाही. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनीही असे दाते पुढे आणण्याच्या कामात भाग घेतला. पण दान निर्मळ असले तरी बाजार निर्मळ नव्हता, आणि म्हणूनच सरकारला २०० मिलीलिटरच्या पिशवीची किंमत ५,५०० रुपयांहून अधिक घेऊ नये असा हुकूम काढावा लागला.

हे चालले असताना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयसीएमआरने, गाजावाजा न करता तेच केले जे चोक्सी यांनी आर्थर रोडवर केले होते. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या अवधीत देशातील ३९ सरकारी व खासगी रुग्णालयांत मध्यम स्वरूपाच्या आजाराचे ४६४ रुग्ण निवडण्यात आले. चिठ्ठीच्या न्यायाने त्यांतील २३५ जणांस प्लाझ्माच्या २०० मिलीलिटरच्या दोन मात्रा चोवीस तासांच्या अंतराने देण्यात आल्या, आणि २२९ जणांस केवळ नेहमीचे उपचार मिळाले. अठ्ठावीस दिवसांनी हिशेब मांडला तेव्हा प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी ४४ जणांचा, म्हणजे शेकडा १९ जणांचा, आजार बळावला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हा आकडा ४१, म्हणजे शेकडा १८, होता. ‘प्लासिड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला, आणि या विषयावरील रीतसर प्रयोगांत तो जगातील अगदी पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक ठरला. सातव्या दिवशी धाप आणि थकवा काहीसा कमी दिसला आणि विषाणूही लवकर नाहीसा होताना आढळला, हे त्या अहवालाने प्रामाणिकपणे नोंदविले. परंतु त्यामुळे रोगाची अखेर बदलली नाही.

ती का बदलली नाही, याचे कारण पुण्याच्या प्रयोगशाळेने सांगितले. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत साठवून ठेवलेल्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा दात्यांच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडांचे मध्यम बळ चाळीस पट विरळ करीपर्यंतच टिकणारे आढळले. याउलट प्लाझ्मा घेण्यापूर्वी रुग्णांचे जे रक्त घेऊन ठेवले होते, त्यांपैकी शेकडा ८३ जणांच्या रक्तात विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आधीच तयार झालेली होती, आणि त्यांचे मध्यम बळ नव्वद पट विरळ करीपर्यंत टिकणारे होते. देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची तिजोरी भरलेली होती. रोग्याचे शरीर स्वतःच लढाईस उतरून दिवस झाल्यावर ही कुमक पोहोचत होती, आणि तीही मूळ फौजेहून दुबळी. माइस्तेगी यांच्या आठ दिवसांच्या मर्यादेचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितला नसेल.

यापुढील सात महिन्यांचा इतिहास मात्र कोणत्याही विचारी माणसास अस्वस्थ करणारा आहे. आयसीएमआरने १७ नोव्हेंबर २०२० रोजी प्लाझ्माच्या सरसकट वापराविरुद्ध सल्ला प्रसृत केला आणि सांगितले की द्यावयाचाच तर तो लक्षणे दिसल्यापासून तीन ते सात दिवसांत, फार तर दहा दिवसांपर्यंत, आणि भरपूर प्रतिपिंडे असलेल्या दात्याचाच द्यावा. परंतु उपचारांच्या सरकारी नियमावलीत प्लाझ्माचे नाव कायम राहिले. ते तेथे आहे तोवर उपचार करणाऱ्या डॉक्टरास ते लिहून देण्यास आधार होता, आणि न लिहिल्यास रुग्णाच्या माणसांचा रोष होता. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, पुणे जिल्हा देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत मोडू लागला, आणि प्राणवायू, रेमडेसिव्हिर व प्लाझ्मा या तीन गोष्टींसाठी माणसे रात्री-अपरात्री वणवण करू लागली. या तिहींतील प्राणवायू जीव वाचविणारा होता, तर प्लाझ्मा त्या अवस्थेतील रुग्णास तारीत नाही हे सिद्ध होऊन सहा महिने झालेले होते. मोबाइलच्या पडद्यावर रुग्णाचे नाव, रक्तगट, खाटेचा क्रमांक आणि ‘तातडीने प्लाझ्मा हवा’ अशी याचना एकामागून एक झळकत होती. नातेवाईक एका रक्तपेढीतून दुसरीत जात, रक्तगट जुळणारा दाता शोधीत, त्याच्या प्रतिपिंडांच्या तपासणीची वाट पाहत, आणि तोवर रुग्णाचा आठवा किंवा दहावा दिवस उलटून गेलेला असे. म्हणजे या उपायास थोडीबहुत संधी ज्या काळात होती तो काळ त्याच्या शोधातच संपत असे. जो वेळ रुग्णाजवळ किंवा प्राणवायूच्या व्यवस्थेत जावयाचा तो या धावपळीत गेला, आणि दाता न मिळाल्यामुळे आपले माणूस गेले अशी टोचणी कित्येक घरांत कायमची राहिली. ती टोचणी निराधार होती, हे त्या घरांस कोणी सांगितले नाही, हा या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय म्हणावा लागेल.

शेवटी निर्णयास गती आली ती बाहेरून. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या प्रचंड प्रयोगात ११,५५८ रुग्णांचा हिशेब झाला, आणि प्लाझ्मा मिळालेल्या व न मिळालेल्या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २४, म्हणजे अगदी सारखे, निघाले. मे २०२१ च्या मध्यास तो अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच सुमारास देशातील काही डॉक्टरांनी व शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांस पत्र लिहून प्लाझ्माच्या अशास्त्रीय वापराविषयी इशारा दिला, आणि १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा नियमावलीतून वगळण्यात आला. डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या उपायाविरुद्ध शिफारस केली.

एवढ्यावरून हा उपाय मुळातच खोटा होता असे कोणी समजेल, तर तीही दुसऱ्या टोकाची चूक होईल. अर्जेंटिनात १६० वृद्धांस लक्षणे दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत एक तर भरपूर प्रतिपिंडांचा प्लाझ्मा, नाही तर निरुपद्रवी द्रव देऊन तुलना केली असता, श्वसनाचा गंभीर आजार पहिल्या गटात शेकडा १६ आणि दुसऱ्यात शेकडा ३१ जणांस झाला. अमेरिकेत घरीच असलेल्या १,१८१ रुग्णांवरील प्रयोगात, लवकर प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शेकडा २.९ आणि साधा प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शेकडा ६.३ जणांस रुग्णालयात जावे लागले. बेहरिंग यांनी पाहिलेले तत्त्व अबाधित होते, आणि माइस्तेगी यांची अटही अबाधित होती. चुकली ती वेळ, चुकले ते प्रमाण, आणि चुकला तो रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हा उपाय शोधण्याचा आग्रह.

या सर्व हकीगतीतून जो निवाडा करावासा वाटतो तो असा. महामारीत माणसास दोन प्रकारच्या धैर्याची गरज लागते. एक धैर्य पुढे होऊन देण्याचे. ते सावित्रीबाईंनी आपल्या पाठीवर वाहून दाखविले, आणि रक्तपेढीच्या खुर्चीत हात पुढे करून बसणाऱ्या असंख्य अनामिकांनी आपल्या परीने दाखविले. त्याची महाराष्ट्रास कधी वाण पडलेली नाही. दुसरे धैर्य थांबून मोजण्याचे. समोरचा रोगी कण्हत असताना एकाआड एकास औषध न देता त्याची नोंद ठेवण्याचे, आणि हाती आलेला आकडा आशेच्या विरुद्ध असला तरी तो छापण्याचे. ते चोक्सी यांनी घोड्याच्या रक्तजलाविषयी दाखविले, आणि सव्वाशे वर्षांनी प्लासिडच्या संशोधकांनी दाखविले. पहिल्या धैर्याचा गौरव सभा-समारंभांतून होतो. दुसऱ्याचे फलित एखाद्या नियतकालिकाच्या पानांत छापले जाऊन सात महिने कोणी वाचीत नाही. राज्य सरकारने सन १८९७ चा कायदा चार दिवसांत बाहेर काढून अमलात आणला, पण केंद्र सरकारच्या यंत्रणेस स्वतःच्याच संशोधन परिषदेचा निष्कर्ष अमलात आणण्यास सात महिने लागले, आणि या दिरंगाईची किंमत वाघोलीसारख्या गावांतील कुटुंबांनी धावपळीत आणि मनस्तापात भरली. पुढील साथीत कोणते औषध पुढे येईल हे आज सांगता येणार नाही. परंतु त्याची परीक्षा आरंभीच घेतली जावी आणि तिचा निकाल लागताच तो गावच्या दवाखान्यापर्यंत, जेथे तो ऐकावयास हवा तेथे, त्याच आठवड्यात पोहोचावा, एवढी तजवीज आज करणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.